गच्ची पांढरी करायची तर आधी झाडू, मग ब्रश

अकोल्यात मे महिन्यात रात्री दहा वाजता पंखा लावला की वरून भट्टीचा वारा येतो. बाहेर गच्चीवर झुळूक सुटलेली असते, आणि खोलीत छताला हात लावावा तर तो अजून कोमट. दुपारभर स्लॅब तापतो आणि चार-पाच इंची काँक्रीटमधून ती धग खाली उतरायला तीन-चार तास घेते. म्हणजे दुपारचं ऊन आपण रात्रीच्या जेवणाला भोगतो. कूलर असो की एसी, त्याची निम्मी लढाई डोक्यावरच्या या तव्याशी असते.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्ची पांढरी करणं. मी तो दोनदा केला, त्यातला पहिला वाया गेला. रंग चांगला होता, पण मी तो धुळीवर आणि ओलीवर मारला होता. पहिल्याच पावसाळ्यानंतर पापडासारखे पोपडे हातात आले. म्हणून या लेखात रंगाइतकीच झाडलोट आहे.

पांढऱ्याने नेमकं काय होतं

उन्हाळ्यात भर दुपारी सपाट गच्चीच्या एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. जुना, करडा पडलेला सिमेंटचा स्लॅब त्यातलं जेमतेम ३० टक्के परत फेकतो आणि ७०० वॅट पिऊन टाकतो. नुकताच पांढरा केलेला स्लॅब ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, म्हणजे पितो फक्त २००. पाचशे चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटरच्या गच्चीवर हा फरक २३ किलोवॅटचा होतो. दोन किलोवॅटचे अकरा-बारा गिझर गच्चीवर चालू होते, ते बंद केले असं समजा. ही सगळी उष्णता खोलीत उतरत नव्हती, बरीचशी वाऱ्याबरोबर आणि आकाशाकडे जात होती. पण उतरत होती तीही काही थोडी नव्हती.

दुसरा गुण कमी लोकांना माहीत असतो. पृष्ठभाग तापल्यावर ती उष्णता किती सहज बाहेर सोडतो, हेही तितकंच महत्त्वाचं. चुना, सिमेंट, रंग हे या बाबतीत उदार. चकचकीत धातू मात्र कंजूष. नवा कोरा गॅल्वनाइज्ड पत्रा ऊन बऱ्यापैकी परत फेकतो, तरी दुपारी हात लावू देत नाही, कारण आत घेतलेली थोडी उष्णताही तो धरून बसतो. म्हणून ‘चांदीचा रंग मारा, चमकेल तेवढं ऊन जाईल’ असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. साधा पांढरा ॲल्युमिनियमच्या रंगापेक्षा सरस ठरतो.

खोलीत किती फरक पडेल? साधारण २ ते ५ अंश, हा अंदाज धरून चला. पातळ पत्र्याखाली जास्त, जाड स्लॅबखाली कमी. ४६ अंशांच्या दुपारी घर महाबळेश्वर होणार नाही. पण छताकडून येणारी ती अदृश्य धग, जिच्यामुळे थर्मामीटर ठीक दाखवत असूनही जीव घाबरा होतो, ती बरीच कमी होते.

हे कुणी करावं, कुणी नको

सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल किंवा बैठं स्लॅबचं घर असेल, तर करा. पत्र्याचं घर असेल तर नक्कीच करा, फायदा तुम्हालाच सर्वाधिक. चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असाल तर गच्ची पांढरी होऊन तुमच्या बेडरूममध्ये काही होणार नाही. तुमची धग पश्चिमेच्या भिंतीतून आणि खिडकीतून येते, तिथे छज्जा, चिक किंवा वेल बघा.

कोकणातली कौलारू घरं यातून वगळा. कौलांच्या फटींतून हवा खेळते, खाली माळा असतो, तिथे छपराने आपलं काम आधीच केलेलं असतं. महाबळेश्वर, तोरणमाळसारख्या थंड जागीही कारण नाही. विदर्भ-खानदेशात हिवाळ्यात घर जास्त गार पडेल का, हा प्रश्न हमखास येतो. थोडं पडेल. पण डिसेंबरात दिवस लहान, सूर्य तिरपा, त्यामुळे गच्चीवर ऊनच कमी पडतं. दोन महिने एक गोधडी जास्त घ्यावी लागली तरी हा सौदा फायद्याचाच.

सोसायटीत राहत असाल तर रंगाच्या दुकानाआधी सेक्रेटरीकडे जा. गच्ची सामाईक असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तिची गळती-दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते, तेव्हा वॉटरप्रूफिंगचा विषय सभेत येईल तेव्हाच ‘वरचा थर पांढरा घ्या’ अशी सूचना मांडा. वेगळा खर्च म्हणून मांडलात तर खालचे तीन मजले ‘आम्हाला काय त्याचं’ म्हणतील. दुरुस्तीतच बसवलंत तर फारसं कुणी हरकत घेत नाही.

चुना, कूल पेंट की चायना मोझेक

चुना सगळ्यात स्वस्त. एक-दोन पावसाळ्यांत धुऊन जातो, म्हणजे दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारायचा. स्वतः अंगमेहनत करणाऱ्याला, भाड्याच्या घरात राहणाऱ्याला किंवा आधी प्रयोग करून बघू म्हणणाऱ्याला हाच बरा. गच्चीवर रोजची ये-जा असेल, पापड-कुरडया वाळत घालायच्या असतील तर मात्र तो पायाला, कपड्यांना लागतो.

दुसरा पर्याय बाजारात ‘कूल रूफ’ किंवा ‘हीट रिफ्लेक्टिव्ह’ नावाने मिळणारा ॲक्रिलिक रंग. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि रबरासारखा ताण घेणारा बाइंडर असतो, त्यामुळे केसाएवढ्या चिरा तो झाकतो. नीट मारला तर काही वर्षं टिकतो. महाग आहे, पण दरवर्षीची मजुरी वाचते. घेताना एकच गोष्ट विचारा: परावर्तन (ऊन परत फेकणं) किती आणि उत्सर्जन (आत घेतलेली उष्णता बाहेर सोडणं) किती? देशाच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत, २०१७च्या आवृत्तीत, व्यावसायिक इमारतींच्या सपाट छतासाठी किमान ०.६० परावर्तन आणि ०.९० उत्सर्जन मागितलं आहे. घरासाठी ते बंधन नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगलं. डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात हे दोन आकडे नसतील आणि फक्त बर्फाच्या डोंगराचं चित्र असेल, तर दुसरा डबा बघा. काही ठिकाणी एसआरआय (सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्स) हा या दोन्हींचा एकत्रित आकडा देतात. त्यात प्रमाणित काळ्याला ०, प्रमाणित पांढऱ्याला १०० मानतात.

भिंतीचा साधा पांढरा इमल्शन गच्चीवर मारू नका. पहिल्या दिवशी तोही तितकाच पांढरा दिसतो, पण साचलेलं पाणी आणि सतत पाय पडणं त्याला झेपत नाही. लाल-हिरव्या रंगातही ‘कूल’ प्रकार मिळतात. उन्हातली निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते आणि हे रंग तीच परत फेकतात. तरी पांढऱ्याची बरोबरी होत नाही.

चायना मोझेक म्हणजे पांढऱ्या चकाकत्या टाइल्सचे तुकडे कोब्यावर बसवणं. खर्च आणि वजन दोन्ही जास्त, पण वीस-वीस वर्षं जुन्या गच्च्या अजून धुतल्या की पांढऱ्या होतात. गळतीमुळे कोबा नव्याने करायचाच असेल तर त्याच वेळी हा विचार करा, आणि जुन्या स्लॅबला एवढं वजन झेपेल का ते अभियंत्याला विचारा. एकावर एक कोबे चढवलेल्या गच्च्या मी पाहिल्या आहेत. प्रत्येक गळतीला नवा थर, आणि खाली स्लॅब बिचारा पोट काढून उभा.

कधी करायचं

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च. स्लॅब कोरडा असतो, ऊन अजून करपवत नाही, आणि धगीचे तिन्ही महिने हाती लागतात. एप्रिल-मेमध्ये करायचं झालं तर सकाळी सहा ते नऊ किंवा सूर्य उतरल्यावर. तापलेल्या स्लॅबवर ॲक्रिलिक ब्रशवरच सुकतो आणि नीट चिकटत नाही. अवकाळीचं सावट असेल तर थांबा.

आधी गळती, मग सफाई

गळकी गच्ची पांढरी करणं म्हणजे पू झालेल्या जखमेवर पावडर. खोलीत छताला ओलीचे डाग असतील, प्लास्टर फुगलं असेल, गंजलेली सळई दिसत असेल, तर आधी मिस्त्रीला बोलवा. रंगाने त्यातलं काही बरं होत नाही.

गळती नसेल तर गच्चीवर बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबतं ते बघा आणि खडूने गोल करा. त्या खोलगट जागी आधी पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने उतार द्या, नाहीतर पाणी साचून तिथलाच रंग आधी जाईल. चिरा खिळ्याने किंवा छन्नीने थोड्या उघडा, धूळ फुंकून काढा आणि क्रॅकफिलर भरा. वरून नुसतं पुट्टीसारखं फासू नका. कठडा आणि स्लॅब मिळतो त्या कोपऱ्यात गोलाई नसेल तर ती करून घ्या, गवंडी तिला वाटा म्हणतात. बहुतेक पाणी तिथूनच शिरतं. पावसाच्या पाइपाचं तोंड साफ करा.

मग खरी मेहनत. तारेच्या ब्रशने शेवाळ, जुने पोपडे, पांढरा खार खरवडून काढा. काळं वाळलेलं शेवाळ मेलेलं वाटतं, पण त्यावर मारलेला थर त्याच्यासकट उचकटतो. तिथे ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून अर्ध्या तासाने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. ॲसिड वापरू नका. ते सिमेंट खातं आणि पुढे चुनाही खाईल. धुतल्यानंतर दोन दिवस कडक ऊन द्या.

ॲक्रिलिक मारणार असाल तर एक जुनी परीक्षा करा, माझा पहिला रंग तिथेच नापास झाला असता. हातभर प्लास्टिकचा पारदर्शक कागद चारी कडांनी चिकटपट्टीने स्लॅबवर चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून दव धरलं असेल तर स्लॅबच्या पोटात ओल आहे. अजून थांबा.

चुना कसा मारायचा

कळीचा चुना आणा. तो विरवताना उकळतो, फटाफट उडतो, तेव्हा लहान मुलं आणि प्लास्टिकची बादली दोन्ही लांब ठेवा. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात कळी थोडी थोडी सोडा, उलट नको. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. चुना डोळ्यात गेला तर चोळू नका, वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

एक किलो कळीला साधारण पाच लिटर पाणी. रात्रभर मुरू द्या, सकाळी जाडसर फडक्यातून गाळा. त्यात गरम पाण्यात विरघळवलेला डिंक किंवा थोडा पांढरा गोंद घाला, म्हणजे तो बोटाला कमी लागेल. चिकटावं म्हणून काही जण मीठ घालतात. भिंतीला ठीक, पण स्लॅबवर मुळीच नको. मिठातला क्लोराइड झिरपून सळया गंजवतो.

लोक इथे हमखास चुकतात: ॲक्रिलिकला कोरडा स्लॅब लागतो, चुन्याला ओलसर. चुना मारण्याआधी गच्चीवर हलकं पाणी शिंपडा. डबकं नको, नुसती ओल. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, आणि तो एकदम वाळला तर दगड न होता पीठ होतो. दुधाइतका पातळ ठेवा आणि कुंच्याने तीन-चार हात द्या. पहिला हात आडवा, दुसरा उभा. ओला असताना तो पारदर्शक, फसवल्यासारखा दिसतो, वाळल्यावर पांढरा फटफटीत होतो. एकाच जाड थराची घाई केलीत तर त्याला भेगा पडतील. उरलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवा, पुढच्या वर्षी चालतो.

कूल पेंट कसा मारायचा

आधी गच्ची मोजा, कठड्याची आतली बाजूही धरा. डब्यावर लिहिलेली व्याप्ती गुळगुळीत पृष्ठभागाची असते, आपला कोबा खडबडीत, तेव्हा थोडा जास्तच रंग लागेल असं धरून चला. मिस्त्री ‘एवढ्यात होऊन जाईल’ म्हणाला तर तो पाणी जास्त घालणार आहे असं समजा. पातळ केलेला रंग पहिल्या दिवशी पांढरा दिसतो आणि दुसऱ्या वर्षी करडा स्लॅब डोकावतो. डब्यावर सांगितलंय तेवढंच पाणी घाला, आणि डबे तुमच्यासमोर उघडा.

पहिला हात प्रायमरचा. त्याच कंपनीचा सांगितला असेल तर तोच. तो सुकल्यावर रोलरने पहिला थर, डब्यावर लिहिलेलं अंतर ठेवून दुसरा थर पहिल्याच्या आडव्या दिशेने. कोपरे, पाइपांचे बूड, टाकीचे पाय आधी ब्रशने करून घ्या. काम जिन्यापासून लांबच्या कोपऱ्यातून सुरू करून जिन्याकडे या. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आमच्या शेजारच्या गच्चीच्या मध्यभागी बुटांच्या ठशांची एक सुंदर ओळ आहे.

दुपारी पांढऱ्या गच्चीवर काम करू नका. खालून परत येणारं ऊन हनुवटी आणि डोळे दोन्ही भाजतं.

पत्र्याचं घर

फायदा सगळ्यात मोठा आणि धोकाही. पत्र्यावर चढताना पाय नेहमी बोल्टच्या रांगेवर ठेवा, खाली छपराला आधार देणारी कैची किंवा पाइप तिथेच असतो, आणि आडवी फळी टाकून तिच्यावर बसून काम करा. लोखंडी पत्रा असेल तर गंज घासून धातूचा प्रायमर, मग पांढरा रंग. कोऱ्या गॅल्वनाइज्ड पत्र्यावर साधा रंग धरत नाही, त्यासाठीचा वेगळा प्रायमर मागा.

सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात. ते पायाखाली न सांगता फुटतात, आणि त्यांना कोरडा तारेचा ब्रश लावला तर तंतू उडून फुप्फुसात जातात. अशा पत्र्यावर खरवडणं नाहीच. ओलं करून मऊ झाडूने माती काढा, नाक-तोंड चांगल्या मास्कने झाका, आणि शिडीवरून लांब दांड्याच्या रोलरने जेवढं होईल तेवढं करा. पत्रा ठिसूळ झाला असेल तर हात लावू नका.

अहमदाबादमध्ये हा उपाय शहराच्या पातळीवर गेला तो अशाच वस्त्यांमधून. २०१०च्या मे महिन्यातल्या उष्णतेच्या लाटेनंतर तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये थेट स्वतंत्र धोरण आणून २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरांचं लक्ष्य ठेवलं. ४७ अंश बघितलेल्या विदर्भाला हे कुणी वेगळं पटवून द्यायला नको.

फरक मोजायचा कसा

सगळी गच्ची एकदम करू नका. आधी दोन बाय दोन फुटांचा चौकोन करा, दुपारी दोन वाजता एक पाय त्यावर आणि एक बाजूच्या स्लॅबवर ठेवा, अनवाणी. दोन सेकंदांत निकाल लागतो. आकडे हवे असतील तर इन्फ्रारेड थर्मामीटर खोलीच्या छताकडे धरा, पांढरं करण्याआधी आणि नंतर, रात्री एकाच वेळेला. चकचकीत पत्र्यावर मात्र हे यंत्र खोटं बोलतं.

विजेचा हिशेब असा. समजा दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला दीड युनिट घेतो आणि छत गार राहिल्याने कॉम्प्रेसर रात्री दोन तास कमी चालला. तर रात्रीचे तीन युनिट वाचले, महिन्याचे ९०. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात, त्यामुळे वाचलेले युनिट बिलातल्या सगळ्यात महागड्या टप्प्यातून वजा होतात. सरासरी दराने गुणलंत तर बचत कमी दिसेल. शिवाय खोली कमी तापते म्हणून एसी २२ ऐवजी २५वर भागतो. प्रत्येक अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. कूलरवाल्यांचं बिल मुळातच कमी असतं, त्यांना पैशापेक्षा झोप मिळते.

ज्यांना रोज संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची सवय आहे त्यांना ती आता सोडता येईल. टँकरच्या दिवसांत ते पाणी ओतताना तसंही वाईट वाटतं, आणि तापल्या स्लॅबवर गार पाणी पडून चिरा वाढतात त्या वेगळ्याच.

दरवर्षीचं काम

धूळ हा पांढऱ्याचा शत्रू. न धुतलेल्या थराचं परावर्तन वर्षा-दोन वर्षांत ८० टक्क्यांवरून साठीच्या घरात येतं. जवळ गिट्टीची खदान, वीटभट्टी किंवा कच्चा रस्ता असेल तर त्याहून लवकर. म्हणून दोन तारखा ठरवा: दिवाळीच्या झाडलोटीत एकदा, पावसाळ्यातलं शेवाळ काढायला, आणि होळीच्या आठवड्यात एकदा, उन्हाळा सुरू होण्याआधी. मऊ झाडू, पाणी, थोडी धुण्याची पावडर पुरते. चुना असेल तर नुसतं झाडा, घासू नका.

छतावरचं पाणी हौदात साठवत असाल तर नवीन थरानंतरचे पहिले दोन-तीन पाऊस वाहू द्या. सोलर पॅनेल बसवायचे असतील तर आधी गच्ची पांढरी करा, मग स्टँड उभे करा. नंतर त्यांच्या खाली वाकून रोलर फिरवणं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. आणि समोर उंच इमारत असेल तर तिथल्या लोकांना एकदा सांगून ठेवा. दुपारी त्यांच्या खिडकीत चकाकी जाते. आमच्या समोरच्या काकूंनी पहिल्या आठवड्यात तक्रार केली, दुसऱ्या आठवड्यात रंगाचं नाव विचारलं.